नदी उतरेपर्यंत : बेंगळुरूच्या अँगलरांचा रिकामा हंगाम

गळ टाकून मासे धरण्याच्या छंदाची ग्रंथपरंपरा ज्या देशांत वाढली ते देश बहुतांशी थंड हवेचे असल्यामुळे, या छंदात ‘रिकामा हंगाम’ म्हटला की हिवाळाच गृहीत धरला जातो. इंग्लंडात ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा शरदाच्या अखेरीस आणि हिवाळ्यात अंडी घालतो, म्हणून तिथल्या बहुतेक नद्यांवर साधारणपणे ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत त्याची मासेमारी बंद असते. उत्तर अमेरिकेच्या वरच्या पट्ट्यात तर तळीच गोठतात. या सक्तीच्या विश्रांतीतून अनेक उपउद्योग निर्माण झाले. आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँगलर’ हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजवर या छंदावरच्या वाचनाची, नोंदवह्यांची आणि विशेषतः ‘फ्लाय’ बांधण्याची परंपरा हिवाळ्यातल्या शेकोटीभोवती वाढत गेली. फ्लाय म्हणजे गळाच्या पोलादी आकड्यावर पीस, लोकर, रेशीम किंवा केस गुंडाळून तयार केलेला कृत्रिम कीटक. पाण्यावर पडलेली माशी किंवा पाण्यात वाढणारी अळी समजून मासा त्याला तोंड घालतो. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या इंग्रजी आणि स्कॉटिश फ्लायमध्ये ज्या पिसाला फार मान होता, ते पीस दक्षिण भारतातल्या आणि सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे होते. त्या पिसावरचे मेणासारखे चकाकणारे पिवळसर-पांढरे ठिपके पाण्यात लहान माशाच्या डोळ्यासारखे दिसतात, असा बांधणाऱ्यांचा समज होता. आज हा पक्षी भारतीय कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्या पिसांचा व्यापार निषिद्ध आहे.

बेंगळुरूला मात्र हे पंचांग लागू पडत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सुखद गारठा असतो, पण तळी गोठण्याचा किंवा नदी दुर्गम होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शहराला स्वतःची मोठी नदी नाही. इथल्या अँगलरांची, म्हणजे हौसेने गळ टाकणाऱ्यांची, नदी म्हणजे दक्षिणेला सुमारे १०० किलोमीटरवरची कावेरी, आणि कावेरीचे वर्ष पावसावर चालते. जूनमध्ये कोडगूच्या डोंगरांत नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू झाला की कृष्णराजसागर आणि कबिनी ही धरणे भरू लागतात, ती भरल्यावर दरवाजे उघडतात, आणि शिवनसमुद्राच्या धबधब्याखालची नदी खडक, वाळूचे पट्टे आणि किनाऱ्यावरच्या अर्जुनवृक्षांची मुळे झाकून तांबड्या पाण्याने वाहू लागते. नैर्ऋत्य पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस येतो. त्यामुळे पाणी उतरून निवळेपर्यंत डिसेंबर उजाडतो. महाशीर या इथल्या सर्वांत प्रतिष्ठित माशाचा जुना हंगाम डिसेंबर-जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंतचा असे. तेव्हा इंग्लंडातला अँगलर ज्या महिन्यांत रीळ पुसून कपाटात ठेवतो, त्याच महिन्यांत बेंगळुरूचा अँगलर ती कपाटातून बाहेर काढतो. इथला रिकामा काळ पावसाळ्याचा. हिवाळ्याची सुरुवात हा त्याचा शेवटचा, अधीरतेचा टप्पा. कोळी समाज नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची वाट पाहतो त्यामागे जे निसर्गाचे कारण आहे, तेच इथेही आहे: पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ असतो, आणि महाशीरही पुराच्या पाण्याबरोबर वरच्या अंगाला, उपनद्यांच्या गोट्यागोट्यांच्या तळाकडे, अंडी घालण्यासाठी जातो.

या काळातले पहिले काम अर्थातच साहित्याचे. महाशीराच्या जबड्यांत दात नसतात, पण घशात बळकट दात असतात आणि त्यांनी तो खेकडे-शिंपले चिरडून खातो. शिवाय आकडा लागल्यावर त्याची पहिली धाव इतकी जोराची असते की साधा आकडा सरळ होतो आणि कमकुवत दोरा तुटतो. म्हणून प्रत्येक आकड्याचे टोक नखावर टेकवून पाहिले जाते, ते घसरले तर बारीक दगडावर किंवा कानशीने पुन्हा धार दिली जाते, गंजलेला आकडा टाकून दिला जातो. काठीवरून दोरा ज्या कड्यांमधून जातो त्यांच्या आतल्या बाजूस चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाचे अस्तर असते. त्याला गेलेला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कड्यातून कापसाचा बोळा फिरवला की तंतू अडकतात आणि दोष सापडतो. रिळात ‘ड्रॅग’ नावाची व्यवस्था असते. एकमेकींवर दाबलेल्या चकत्यांचे घर्षण कमी-जास्त करून, मासा ओढू लागला की दोरा किती ताणाने सुटावा हे तिच्यामुळे ठरवता येते. त्या चकत्या महिनोन्‌महिने आवळलेल्या राहिल्या तर दबून निकामी होतात, म्हणून रिकाम्या हंगामात ड्रॅग सैल करून ठेवण्याची शिस्त जाणकार काटेकोरपणे पाळतात. नायलॉनचा एकेरी दोरा उन्हाने कमजोर होतो आणि रिळावर बसून बसून वेटोळ्यांचा आकार धरतो, तेव्हा तो दरवर्षी बदलावा लागतो. विणलेला दोरा ताणला जात नाही आणि बराच टिकतो, पण कावेरीच्या धारदार खडकांवर घासला की तोच आधी कापला जातो. या दोन्हींतून निवड करणे, आणि निवड झाल्यावर गाठी मारण्याचा सराव करणे, यात पावसाळ्याच्या कित्येक संध्याकाळी जातात. नायलॉनची गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी लागते, कारण कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा नेमका त्याच जागी कमजोर होतो.

आमिषाची विद्या मात्र पूर्णपणे स्थानिक आहे, आणि तिचे मूळ दक्षिण कर्नाटकाच्या स्वयंपाकघरात आहे. जुन्या म्हैसूर प्रांताचे रोजचे अन्न म्हणजे ‘रागी मुद्दे’, नाचणीच्या पिठाची शिजवून केलेली उकड; कावेरीवर महाशीरासाठी वापरला जाणारा गोळा तिचाच घट्ट प्रकार आहे. पीठ मळून त्याचे गोळे बराच वेळ उकळतात, मग पुन्हा मळतात, कारण गोळा इतका चिवट व्हावा लागतो की तो वाहत्या पाण्यात विरघळू नये आणि लहान माशांनी टोचून टोचून संपवू नये. त्यात गूळ, हिंग, बडीशेप किंवा आणखी काय घालायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. नदीकाठच्या गावांतले वाटाडे या मिश्रणात तरबेज असत, आणि शहरातून येणाऱ्या पाहुण्यांनी आणलेल्या महागड्या धातूच्या चमच्यांपेक्षा त्यांच्या नाचणीच्या गोळ्यावर मोठा मासा लागण्याची शक्यता अनेकदा जास्त असे. जलाशयाच्या आणि नदीच्या पात्रात ‘हरिगोलू’ किंवा ‘तेप्पा’ नावाची कातड्याने अथवा जाड प्लास्टिकने मढवलेली गोल नाव वल्हवत, खडकात अडकलेला दोरा सोडवत, मासा कोणत्या खाचेत शिरला हे सांगत नदी शिकवली ती याच लोकांनी. अँगलिंगवरच्या पुस्तकांत त्यांना मिळालेली जागा त्यांच्या योगदानाच्या मानाने फारच थोडी आहे.

ज्यांना पाण्यापासून दूर राहवत नाही ते रिकाम्या हंगामात दुसऱ्या पाण्याकडे वळतात. बेंगळुरूभोवतीच्या तलावांत आणि शेततळ्यांत रोहू, कटला, तिलापिया मिळतात, आणि पाणवनस्पतींनी झाकलेल्या उथळ भागात मरळ मिळतो. मरळ हवेतून श्वास घेऊ शकणारा शिकारी मासा असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढलेल्या रबरी बेडकावर तो झेप घेतो, आणि ती झेप पाहण्यासाठीच अनेक जण जातात. परंतु पावसाळ्यात मरळाची जोडी लालसर पिलांच्या थव्याची राखण करत असते. त्या वेळी पालक मासा उचलला तर अख्खा थवा काही तासांत इतर माशांच्या पोटात जातो, म्हणून असा थवा दिसला की तिथे गळ टाकायचा नाही, हा संकेत जबाबदार अँगलर पाळतात. पाऊस सरला की काही जण घाट उतरून कारवार, गोकर्ण, होन्नावर या किनाऱ्याकडे जातात. काळी आणि शरावती या नद्यांच्या खाड्यांत जिताडा आणि तांबोशी मिळतात, आणि या भागात, विशेषतः कारवारात, बेंगळुरूच्या पाहुण्याला कन्नडइतकीच कोकणी आणि मराठीही कानावर पडते. खाडीच्या मुखाशी गरवायला बसलेल्या स्थानिकाच्या हातात बहुधा काठीही नसते, नुसता दोरा असतो. भरती-ओहोटीचे त्याचे ज्ञान शहरातल्या माणसाला कोणत्याही पुस्तकात सापडत नाही.

यापेक्षा महत्त्वाचे काम कागदावर झाले. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास सनदी सेवेतल्या अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली मंगळुरात छापून घेतला आणि दक्षिणेतल्या महाशीराची कीर्ती जगभर पसरली. १९४६ च्या मार्चमध्ये म्हैसूरच्या सुप्रसिद्ध व्हॅन इंगेन या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या घराण्यातल्या जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोहून अधिक वजनाचा महाशीर धरला; हा मासा या खेळात आजही विक्रमी मानला जातो. त्यानंतर धरणे, सुरुंग आणि विषप्रयोग यांमुळे मोठा महाशीर संपला असे मानले जात होते. १९७२ साली बेंगळुरूत वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था स्थापन झाली, तिने कावेरीचा एक पट्टा राखणीसाठी घेतला, आणि १९७८ मध्ये एका जगप्रवासी मासेमारी मोहिमेवरचे तीन इंग्रज तिथे आले तेव्हा प्रचंड महाशीर अजून जिवंत असल्याचे जगाला कळले. पुढे कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कंपनीने भीमेश्वरी, दोड्डमक्कळी आणि गालिबोरे इथे छावण्या चालवल्या. तिथे ‘पकडा आणि सोडा’ हा नियम होता: मासा वजन करून, छायाचित्र घेऊन जिवंत परत सोडायचा आणि त्याची नोंद वहीत करायची. त्या छावण्यांत वाटाड्यांना पगार मिळू लागला, त्यांतले काही पूर्वी चोरून मासेमारी करणारे होते, आणि रात्रीची गस्त त्यांच्याच पायांवर चालत होती.

इथे महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो मराठी वाचकाने नीट समजून घ्यावा असा आहे. मराठीत खडशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून केले. त्याचे आजचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’, आणि निळसर करड्या परांमुळे इंग्रजीत त्याला निळ्या परांचा महाशीर म्हणतात. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून भाविकांनी जपलेला महाशीर हाच. महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक राहिलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची वीण, अंडी आणि पिलांची वाढ यांवर १९७० च्या सुमारास मूलभूत संशोधन केले, आणि लोणावळ्याला वळवण धरणाजवळ टाटांच्या वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात शशांक ओगले यांच्यासारख्या शास्त्रज्ञांच्या सोबतीने कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसवले. पक्व मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यांवर नराचे वीर्य मिसळायचे आणि वाहत्या स्वच्छ पाण्याच्या तबकांत ती उबवायची, अशी ही पद्धत. धरणाने वाट अडवलेल्या माशाला माणसाने दिलेला तो आधार होता आणि भारतातल्या मत्स्यसंवर्धनात त्याचे स्थान मोठे आहे.

नदीला पुन्हा महाशीर द्यावा, या शुद्ध हेतूने बेंगळुरूच्या अँगलरांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून लोणावळ्याची बोटभर पिले आणून कावेरीत सोडली. त्या काळी दक्षिणेतले सगळे मोठे महाशीर जवळजवळ एकच असल्याची समजूत होती. प्रत्यक्षात कावेरीचा राक्षसी महाशीर वेगळा होता: डोक्याच्या मागून एकदम चढणारी उंच पाठ, म्हणजे कुबड, आणि शेपटीवर नारिंगी झाक. नदीकाठचे लोक त्याला कन्नडमध्ये ‘बिळी मीनू’, म्हणजे पांढरा मासा, म्हणत. व्हॅन इंगेन यांचा विक्रमी मासाही कुबडवालाच होता. लोणावळ्याहून आलेली पिले कावेरीत रुजली, वाढली, आणि काळाच्या ओघात मूळ माशाची जागा घेऊ लागली.

हे उघडकीला आले ते छावणीच्या वह्यांमुळे. १९९८ ते २०१२ या काळात गालिबोरेच्या छावणीत पाहुण्यांनी किती तास गळ टाकला, किती मासे लागले, त्यांचे वजन काय होते, ते कोणत्या रंगाचे होते, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. सहा हजारांहून अधिक महाशीरांचा हा हिशेब एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली तपासला. दोन गोष्टी समोर आल्या. पहिली दिलासा देणारी होती: राखलेल्या पट्ट्यात लागणाऱ्या माशांची संख्या वाढत गेली होती, म्हणजे गस्त आणि सोडून देण्याचा नियम उपयोगी पडले होते. दुसरी चिंतेची: ही वाढ जवळजवळ पूर्णपणे निळ्या परांच्या महाशीराची होती, आणि कुबडवाल्याची लहान पिले वह्यांतून नाहीशी होत गेली होती, उरले होते ते थोडे वयस्क मासे. नदीत राबणाऱ्या कुठल्याही सरकारी यंत्रणेकडे अशी सलग पंधरा वर्षांची नोंद नव्हती. संध्याकाळी छावणीत बसून थकल्या हातांनी भरलेल्या त्या रकान्यांनी भारतातल्या एका माशाच्या ऱ्हासाचा पुरावा दिला, यातच रिकाम्या वेळातल्या कामाचे महत्त्व दिसते.

आणखी आश्चर्य म्हणजे, तोवर या कुबडवाल्याला मान्य शास्त्रीय नावही नव्हते. २०१८ मध्ये पिंडर, राघवन, पुण्याचे नीलेश डहाणूकर आणि इतरांनी आकारमान आणि आनुवंशिक पुरावे जुळवून दाखवून दिले की केरळातल्या पंबार नदीतल्या लहान नमुन्यांवरून पूर्वीच वर्णन झालेली ‘टॉर रेमादेवी’ हीच ती जाती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने तिला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. त्याउलट निळ्या परांच्या महाशीराला, सर्वत्र सोडला गेल्यामुळे, कमी चिंतेच्या वर्गात टाकले. टिकून असलेल्या कुबडवाल्यांचे सर्वांत महत्त्वाचे आश्रयस्थान म्हणजे निलगिरीच्या पायथ्याची मोयार नदी.

या संशोधनाच्या आधीच छावण्यांतले गळ थांबले होते. गालिबोरे आणि भीमेश्वरीचा परिसर १९८७ साली घोषित झालेल्या कावेरी वन्यजीव अभयारण्याशी जोडलेला आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या संज्ञेत प्राण्याला पकडणेही येते. या अर्थाचा आधार घेऊन २०१० नंतरच्या काळात अभयारण्यातल्या गळमासेमारीला आक्षेप घेतला गेला आणि २०१२ पर्यंत ती संपली. पिंडर आणि राघवन यांनी २०१३ साली ‘करंट सायन्स’मध्ये अँगलरांची उपस्थिती महाशीराच्या संरक्षणाला उपकारक ठरते, असा युक्तिवाद केला; पाण्यात रात्रंदिवस माणसे असली की सुरुंग लावणाऱ्यांना वाव उरत नाही, हा त्याचा गाभा होता. बंदी योग्य की अयोग्य यावर आजही मतभेद आहेत, आणि दोन्ही बाजूंना माशाची काळजी आहे. पण हे मान्यच करावे लागते की बंदीने वहीही बंद केली. हंगामाबाहेरचे महिने पूर्वी चार-सहा होते. कावेरीच्या त्या पट्ट्यापुरते ते आता बारा झाले आहेत. कोडगूत कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटीने वालनूर परिसरात परवान्यावर सांभाळलेला पट्टा अभयारण्याबाहेरचा असल्याने तिथे वेगळी व्यवस्था राहिली, पण तिथपर्यंतचा प्रवास लांब आहे.

म्हणून आजच्या बेंगळुरूच्या अँगलराचा हिवाळा दोन कामांत जातो. एक काम नेहमीचे: आकड्यांना धार, दोऱ्याची पारख, फ्लाय बांधणे, किनाऱ्याची सफर. दुसरे काम नवे आहे आणि त्याला साधने फार लागत नाहीत. हाती लागलेल्या प्रत्येक महाशीराचे एका बाजूने, मासा पाण्यातच ठेवून, पर आणि पाठ स्पष्ट दिसेल असे छायाचित्र घ्यायचे. जागा आणि तारीख लिहायची. कुबड आहे की नाही आणि शेपटी नारिंगी की निळसर, हे नोंदवायचे. आणि संध्याकाळी घरी बसून जुन्या नोंदींशी ताडून पाहायचे. कोणत्या नदीत कोणती जाती मूळची आहे हे ठरेपर्यंत कुठल्याही उपनदीत बाहेरची पिले सोडायची नाहीत, असा आग्रहही या नोंदींच्या आधारेच धरता येतो. मोयारमध्ये, भवानीत किंवा कावेरीच्या एखाद्या न पाहिलेल्या डोहात कुबडवाल्याची पिले कुणाच्या वहीत पुन्हा नोंदली गेली, तर ती कोणत्या पाण्यात, किती खोलीवर आणि कोणत्या महिन्यात दिसली, ही माहिती प्रजननासाठी मासे निवडणाऱ्यांना सर्वांत आधी लागणार आहे.